ओहायो स्टेट वि. टेनेसी: तिकिटं विकू की जाऊ?

नदीकाठचा_सांगलीकर | ८ डिसेंबर २०२४, रविवार

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, यादी लागली. आपण, म्हणजे ओहायो स्टेट, आठवे, टेनेसी नववे. २१ तारखेला शनिवारी रात्री आठला मॅच, आणि तीही आपल्या कोलंबसात, आपल्याच स्टेडियमवर. प्लेऑफची मॅच कॉलेजच्या मैदानात व्हायची ही पहिलीच वेळ. ऑफिसातल्या एकाने त्याची दोन तिकिटं मला मूळ किमतीत दिलीत. पार वरचा मजला.

पण मन होत नाहीये. ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून घरच्या मैदानात १३-१० हरलो, त्याचं सुतक अजून फिटलेलं नाही. त्यात घरात सव्वा महिन्याची लेक. आई-बाबा बाळंतपणासाठी सांगलीहून आलेत. थंडीबद्दल तर बोलायलाच नको. आणि टेनेसीवाले दुप्पट भावाने तिकिटं उचलतायत. डायपरचे भाव बघता मोह होतो हो.

बायको म्हणते, जा, घरात बसून चिडचिड करण्यापेक्षा बरं. काय करू?

बकाय_बाई | ८ डिसेंबर

विकू नकोस. विकायचंच असेल तर आपल्या माणसाला वीक. नारिंगी स्वेटरवाल्याला, म्हणजे टेनेसीवाल्याला, विकलंस तर मंडळाच्या संक्रांतीला तुला तिळगूळ मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

निळा_पिवळा | ८ डिसेंबर

विका, विका. फक्त मैदानाच्या मधोमध झेंड्यापुरती जागा मोकळी ठेवा, पुढच्या वेळी आम्हाला बरं पडेल. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या)

- मिशिगनच्या अॅन आर्बरहून

बकाय_बाई | ८ डिसेंबर

आलेच का हे! निळ्या, दिवे तुझ्याकडेच ठेव. तुमच्या पोरांनी झेंडा आणला, आमची धावली, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. लाखभर लोकांसमोर तमाशा. मी धाकट्याला घेऊन गेले होते. परत येताना गाडीत तो विचारतो, “आई, आपण हरलो म्हणून पोलीस आले का?” काय सांगू त्याला?

जुना_कोलंबस | ९ डिसेंबर

मी १९९८पासून या गावात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

हरण्याचं दुःख नाही. ऑक्टोबरात ओरेगनकडे जाऊन ३२-३१ हरलो. शेवटच्या क्षणी आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा गडी) विल हॉवर्ड बॉल घेऊन पळाला आणि घसरून थांबेपर्यंत घड्याळ संपलं. वाईट वाटलं, पण झोप लागली. पेन स्टेटला त्यांच्या घरी २०-१३, इंडियानाला ३८-१५, या मॅचेस बघून वाटलं होतं की यंदा काही खरं नाही इतरांचं.

आणि मग मिशिगन. त्यांच्या खात्यात तोवर पाच पराभव. आपल्याकडे जेरमाया स्मिथ, एमेका एग्बुका, कार्नेल टेट, म्हणजे पास झेलणारे तीन हिरे. आणि आपण काय केलं? त्यांचे दोन धिप्पाड गडी बरोब्बर मध्यभागी उभे, तर त्यांच्याच अंगावर बॉल घेऊन पोरं पाठवत राहिलो. एकदा, दोनदा, दहादा. भिंतीला डोकं आपटून भिंत पडते का हे तपासायला दुसरा अर्धा वेळ घालवला, आणि त्यात एकही गुण नाही. दोन फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचे) हुकले ते वेगळंच.

समोरच्यांना अडवणाऱ्या लाइनचे दोन चांगले गडी जायबंदी होते हे मान्य. सिमन्स ओरेगनच्या मॅचमध्ये जायबंदी झाला, मॅक्लॉफ्लिन इंडियानाच्या आठवड्यात. मग तर मधून घुसायचं आणखीच कारण नव्हतं! २०२१पासून सलग चार वर्षं हेच. आपले कोच रायन डे यांचं मिशिगनविरुद्धचं खातं एक विजय, चार पराभव. बाकी कोणाशीही खेळताना हा माणूस शहाणा असतो.

तिकिटाचं म्हणशील तर मी जाणार नाही. टीव्हीवर बघेन, आवाज बंद करून.

पाटी_पेन्सिल | ९ डिसेंबर

जुने काका, पूर्ण अनुमोदन. फक्त शेवटचं वाक्य सोडून.

शंकेखोर | ९ डिसेंबर

पुण्यातून एक बाळबोध शंका. बॉल हातात, पळणं हातात घेऊन, फेकणं हाताने. मग याला फुटबॉल का म्हणतात?

निळा_पिवळा | ९ डिसेंबर

ओहायोवाल्यांचे फील्ड गोल बघितलेत तर वाटेल की पायाचा खरंच काही संबंध नाही.

बकाय_बाई | ९ डिसेंबर

हसून हसून पुरेवाट. बरं, हे मात्र जमलं.

शंकेखोर, सोप्पं सांगते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. नाही जमलं की बॉल समोरच्याला. बॉल घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरलात की टचडाउन, सहा गुण, वर एक लाथ मारून सातवा. लांबूनच खांबांमधून मारलात तर तीन. बाकी सगळं माणसांचं ढकलाढकल. लोकलचा दरवाजा डोळ्यासमोर आणा, अर्ध्यांना उतरायचंय, अर्ध्यांना चढायचंय.

शंकेखोर | १० डिसेंबर

समजलं. आता दुसरी शंका. कॉलेजच्या पोरांच्या मॅचला एक लाख माणूस? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला प्राचार्यांना धरून चाळीस होते.

जुना_कोलंबस | १० डिसेंबर

१,०२,७८० बसण्याची सोय. १९२२चं बांधकाम, घोड्याच्या नालेसारखा आकार, म्हणून नावच हॉर्सशू. मॅचच्या दिवशी इथे लग्न ठरवत नाहीत. ठरवलंच तर मांडवातले निम्मे लोक मोबाइलमध्ये.

पेठेतला | १० डिसेंबर

कोल्हापूरकर म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं पायानंच खेळतात, पण बाकी सगळं तेच की! पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की पेठांमध्ये दोन दिवस आधीपासून चहाच्या गाड्यावर वातावरण तापलेलं. त्याला आम्ही ईर्ष्या म्हणतो. शब्द वाईट नाही आमच्याकडं. “काय ईर्ष्येची मॅच झाली राव” असं कौतुकानं म्हणतात. हरलेल्या तालमीचं पोरगं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेठेतनं सायकल घालत नाही, लांबचा वळसा घेतं.

आणि तुमच्याकडं बाहेरून खेळाडू आणतात असं ऐकलंय, आमच्याकडंपण परदेशी खेळाडू आणून संघ बांधलेत. म्हातारी माणसं तेव्हा म्हणायचीच, पेठेचं पोरगं बाहेर बसलं आणि पाहुणा खेळतोय.

धागाकर्त्यास: जा की! ईर्ष्येची मॅच हरल्यावर पुढच्या मॅचला कट्ट्यावर कोण बसलंय त्यावरनं माणूस कळतो.

पाटी_पेन्सिल | १० डिसेंबर

पेठेतला, पाहुण्यांवरून आठवलं. हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आला, जडकिन्स मिसिसिपीहून, केलेब डाउन्स अलाबामातून. पूर्ण संघावर दोन कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाल्याचं जाहीर बोललं गेलं. एवढे पैसे ओतून मिशिगनकडून हरायचं असेल तर मी फुकटात हरून दाखवतो.

बकाय_बाई | ११ डिसेंबर

पण पाहुणेच नाहीत ना रे नुसते. जॅक सॉयर इथल्या पिकरिंग्टनचा, पलीकडच्या गावातला. तो, टुइमोलोआउ, हेंडरसन, एग्बुका यांना मागच्या वर्षीच एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाता आलं असतं. एक वर्ष थांबले ते मिशिगनला हरवायला. म्हणून तर जास्त लागलं.

नॉक्सव्हिलची_नमू | १२ डिसेंबर

नमस्कार कोलंबसकर! मी त्या नारिंगी स्वेटरवाल्यांपैकी. नवरा टेनेसीचा माजी विद्यार्थी, दोन गाड्या करून आठ जण येतोय. सहा तासांचा रस्ता. तिकिटं मिळाली आहेत, कोणाकडून ते सांगत नाही, उगाच कोणाचा तिळगूळ बुडायचा. तुमच्याकडे खरंच किती थंडी असते? आणि मॅचआधी कुठे थांबावं?

बकाय_बाई | १२ डिसेंबर

बाई गं, ये. भांडण मैदानात, पोटाचं वैर नाही. लेन अॅव्हेन्यूच्या बाजूला आमचं टेलगेट, म्हणजे मॅचआधीचं गाड्यांपाशी खाणंपिणं, असतं, दुपारपासून. यंदा मेनू: मिसळ (कट थर्मासमध्ये), थालीपीठ-लोणी, आणि आमच्या सासूबाईंचे बकाय. इथली खरी मिठाई म्हणजे पीनट बटरची गोळी चॉकलेटमध्ये बुडवतात, वरून थोडी उघडी ठेवतात, म्हणजे बकाय नावाच्या झाडाच्या बीसारखी दिसते. सासूबाईंनी एकदा चाखून “हा तर आपला दाण्याचा लाडू” म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून कूट, गूळ, तूप, आणि वर चॉकलेट. इथले गोरे शेजारी डबा बघून रांग लावतात.

आता थंडी. कपडे किती घालायचे ते सगळे सांगतात, खरी गोष्ट कोणी सांगत नाही: पाय. काँक्रीटवर तीन-साडेतीन तास उभं राहायचं, थंडी बुटाच्या तळव्यातून वर चढते. जाडसर पुठ्ठा न्या, दोन पावलं मावतील एवढा, आणि त्यावर उभ्या राहा. पुठ्ठ्याने जे होतं ते महागड्या मोज्यांनी होत नाही. पर्स नेऊ नका, आरपार दिसणारी पिशवीच चालते.

पाटी_पेन्सिल | १२ डिसेंबर

बकाय_बाई, धाग्याचं नाव बदलून ‘रुचिरा अमेरिकेत’ ठेवू का?

अवांतर: मॅच रात्री आठला आहे हे त्यातल्या त्यात बरं. दुपारी बाराच्या मॅचेसनी यंदा जीव काढला. सकाळी आठला मिसळ कोण खातं?

पेठेतला | १२ डिसेंबर

आम्ही.

जुना_कोलंबस | १५ डिसेंबर

परवा ऑफिसच्या जेवणात दोघांनी सांगितलं की त्यांनी तिकिटं विकली. विद्यार्थीही सुट्टीला घरी गेलेत, त्यांचीही बाजारात आलीत. स्टेडियम निम्मं नारिंगी दिसणार असं जो तो बोलतोय. खरं सांगतो, हे ऐकून जरा टोचलं. १०२ वर्षं जुनं मैदान आणि त्यात पाहुण्यांचा आवाज मोठा?

सांगलीकर, विकलीस का रे?

नदीकाठचा_सांगलीकर | १५ डिसेंबर

नाही अजून. काल साइटवर टाकली होती. अर्ध्या तासात मागणी आली. बाबा मागून बघत होते. म्हणाले, “काय विकतोयस?” सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: “हरले म्हणून जायचं नाही, असं आहे होय तुमच्यात?” काढून टाकली साइटवरून. आता बाबांनाच नेतो. त्यांनी आयुष्यात कुस्तीचे फड आणि कबड्डी सोडून काही बघितलेलं नाही.

बकाय_बाई | १५ डिसेंबर

बाबा की जय! पुठ्ठा विसरू नकोस. त्यांच्यासाठी दोन घे.

निळा_पिवळा | १५ डिसेंबर

काकांना माझा नमस्कार सांग. हे मनापासून.

पाटी_पेन्सिल | २१ डिसेंबर, रात्री ८:४५

२१-०!!! पहिला क्वार्टर पण संपला नाही!!! स्मिथ! जडकिन्स! हेंडरसन! हे लोक तीन आठवडे होते कुठे?

जुना_कोलंबस | २१ डिसेंबर, रात्री ८:५०

आवाज चालू केला.

नॉक्सव्हिलची_नमू | २१ डिसेंबर, रात्री ९:३०

पुठ्ठ्याबद्दल आभार. बाकी काही बोलण्यासारखं नाही.

नदीकाठचा_सांगलीकर | २२ डिसेंबर

४२-१७. पहाटे दोनला घरी पोचलो, अजून घसा बसलेला आहे. वृत्तांत द्यायलाच हवा.

बाबांनी थर्मल, स्वेटर, माझं जाडं जॅकेट, त्यावर आईने विणलेली माकडटोपी आणि गळ्यात लाल मफलर असा पोशाख केला. सकाळी दुकानाच्या खोक्याचे चार पुठ्ठे कापले, कोपरे गोल करून, सुतळीने बांधले. फाटकापाशी गेल्यावर कळलं की चहाचा थर्मास माझ्या हातात आहे आणि तो आत नेता येणार नाही. चूक माझीच. परत गाडीपर्यंत वीस मिनिटं. बाबा नदीच्या पुलावर उभे राहून गर्दी बघत होते. परत आलो तर म्हणाले, “पंढरीला असतात एवढी माणसं.” थोड्या वेळाने, “पण तिथे कोणी एवढं ओरडत नाही. बरंच गुपचूप चाललेलं असतं.”

तापमान उणे चारच्या आसपास. वरच्या मजल्यावर वारा. आमच्या डावीकडे अख्खी रांग नारिंगी. बाबांच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, टेनेसीतून आलेले. त्यांनी स्वतःहून हात गरम करायच्या पुड्या काढून बाबांच्या मुठीत दिल्या. बाबांनी खिशातून बडीशेपेची डबी काढून पुढे केली. त्यांनी ती जिभेवर ठेवली, विचार केला, आणि मग पूर्ण तीन तास दर टाइमआउटला ती डबी इकडून तिकडे फिरत राहिली. दोघांना एकमेकांचं एक वाक्य कळत नव्हतं.

बाबांना खेळ दहा मिनिटांत समजला, माझ्या समजावण्याने नव्हे. म्हणाले, “कबड्डीच आहे. फक्त चढाईला अकराच्या अकरा जातात.” बॉलकडे ते बघतच नव्हते. लाइनमधल्या पोरांचे पाय बघत होते. “तो साठ नंबर उठून उभा राहतोय आधीच, म्हणून मागे ढकलला जातोय. कंबर खाली पाहिजे.” (नंबर नक्की कुठला होता ते आता आठवत नाही, भांडू नका.) हेंडरसन मोकळा सुटला तेव्हा मात्र उभे राहून आरोळी. “सुटला! सुटला रे!”

आणि एक. समोरची बाजू “ओ-एच” ओरडली की आपण “आय-ओ” ओरडायचं, हे शिकवलं होतं. बाबांनी ते “आयो!” असं घेतलं, अगदी आपण ठेच लागल्यावर ओरडतो तसं, आणि बाकीच्या सगळ्यांच्या अर्धा सेकंद नंतर. दर वेळी. आई टीव्हीवर बघत होती. घरी गेल्यावर सांगितलं तर म्हणाली, “आयो काय? कोणाला लागलं की काय?”

शेवटी नारिंगी आजोबा उठले. बाबांशी हात मिळवला. बाबांनी उरलेली बडीशेप डबीसकट त्यांना देऊन टाकली.

बकाय_बाई | २२ डिसेंबर

डोळ्यात पाणी आलं रे. आणि टेलगेटला का नाही आलात? दाण्याचे लाडू ठेवले होते बाबांसाठी. नमूने आठ नेले.

नॉक्सव्हिलची_नमू | २२ डिसेंबर

हरल्यावर निदान लाडू तरी.

पेठेतला | २२ डिसेंबर

कंबर खाली पाहिजे!! काका खरे तालमीतले.

जुना_कोलंबस | २ जानेवारी २०२५

ओरेगन, तेरा सामने न हरलेला संघ. काल प्लेऑफच्या पुढच्या फेरीत, रोझ बोलमध्ये, एका वेळी ३४-० पुढे होतो, शेवटी ४१-२१. आता आपणच विचारतोय की मिशिगनविरुद्ध मैदानात उतरला होता तो संघ कोण होता? जी मोकळीक तेव्हा स्मिथला द्यायला हवी होती ती आता देतायत.

२०१४चं आठवतंय. तेव्हाही सप्टेंबरात व्हर्जिनिया टेककडून घरी हरलो होतो, आणि शेवटी तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकने करंडक आणला. पहिलं चार संघांचं प्लेऑफ तेव्हाचं. बारा संघांचं पहिलं यंदाचं. मी काही बोलत नाही, दृष्ट लागते.

निळा_पिवळा | २ जानेवारी

आम्ही परवा अलाबामाला १९-१३ हरवलं, त्याची कोणी दखल घेतली नाही म्हणून स्वतःच सांगतो.

पाटी_पेन्सिल | ११ जानेवारी

सॉयर!!! टेक्सस गोलरेषेपासून एक यार्डापर्यंत पोचलं होतं, बरोबरीला एक टचडाउन पुरे. आणि पिकरिंग्टनच्या पोराने बॉल उडवला, उचलला, ८३ यार्ड पळाला. तेही कोणाच्या हातून? क्विन इवर्सच्या, एकेकाळी याच कॉलेजात त्याचा रूममेट! २८-१४. माझ्या खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

बकाय_बाई | ११ जानेवारी

पलीकडच्या गावातला म्हणून मी कधीपासून सांगतेय.

नदीकाठचा_सांगलीकर | २१ जानेवारी

नोटरडेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेते. शेवटी ३१-७वरून ३१-२३ झालं तेव्हा बाबा उठून देवापाशी गेले. तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवे होते. हॉवर्डने लांब फेकला, स्मिथने झेलला, ५६ यार्ड. बाबा आतूनच ओरडले, “सुटला का?”

जुना_कोलंबस | २१ जानेवारी

सुटला.

आणि तरी सांगतो, रागावू नका. करंडक आला, पण १३-१० आहेच. दोन्ही एकाच वर्षाचं आहे. कोणी एक देऊन दुसरं मिटवा म्हटलं तर मी करंडकच घेईन, पण थोडा विचार करून.

पाटी_पेन्सिल | २१ जानेवारी

विचार कसला काका? झोपा जा.

बकाय_बाई | २२ जानेवारी

रविवारी, २६ला, दुपारी स्टेडियमवर सत्कार आहे. पुन्हा थंडी, पुन्हा पुठ्ठे. सांगलीकर, बाबांना आण, लाडू घेऊन येते. आणि निळ्या, अभिनंदन कर की एकदा.

निळा_पिवळा | २२ जानेवारी

अभिनंदन. खरंच. मागच्या वर्षी आम्ही, यंदा तुम्ही, करंडक घरातच राहिला.

१३-१०.

नदीकाठचा_सांगलीकर | २२ जानेवारी

कळलं रे कळलं. बाबा फेब्रुवारीत परत जातायत. पुठ्ठे फेकू देत नाहीत, माळ्यावर ठेवलेत. पुढची मिशिगनची मॅच २९ नोव्हेंबरला तुमच्या अॅन आर्बरला आहे, तेव्हा परत येतो म्हणतायत. कोणाकडे दोन तिकिटं असतील का?

निळा_पिवळा | २२ जानेवारी

माझ्याकडे असतील. बाजारात दुप्पट भाव असतो. काकांसाठी मूळ किमतीत. बडीशेप आणायला सांग.